नववी पायरी

खोली भाड्याने मागायला गेलो त्या दिवशी नकाशेबाबूंनी माझं गाव विचारलं नाही, घराणं विचारलं नाही, पगारही विचारला नाही. त्यांनी माझ्या ट्रंकेची लांबी विचारली. मी आपला अंदाजाने "असेल अडीच फूट" म्हणालो. त्यांनी कोटाच्या खिशातून घडीचा लाकडी फूट काढला, ओट्यावर उकिडवे बसून ट्रंक मोजली आणि मान वर करून म्हणाले, "सव्वीस इंच. चार इंच तुम्ही मनचे लावून राहिले मास्तर. शाळेत पोरांले असंच शिकवता का?"

तेव्हा मी पांढुर्ण्याच्या शाळेत नवाच लागलो होतो. घर तिगावला. रोज आगगाडीने ये-जा करायचो, आणि गाडी आठवड्यातून दोनदा तरी मला प्रार्थना संपल्यावर शाळेत पोचवायची. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "गाडी बदला नाही तर गाव बदला." गाडी बदलणं माझ्या हातात नव्हतं. म्हणून सव्वीस इंचांची ट्रंक घेऊन मी नकाशेबाबूंच्या ओट्यावर आलो आणि पुढची पाच वर्षं तिथेच राहिलो.

सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात त्यांची उभी हयात गेली होती, म्हणून गावाने त्यांना नकाशेबाबू करून टाकलं. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं; पण ती पाटी वाचताना मी कोणाला पाहिलं नाही. पेन्शन घेऊन ते आपल्या मूळ गावी येऊन राहिले होते. अंगाने सडसडीत, भर वैशाखातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि चालणं असं की दोन पावलांमधलं अंतर कधी बदलायचं नाही. "अंदाजे" आणि "जवळपास" हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. शिंप्याच्या दुकानात बसून त्यांनी एकदा त्याच्या टेपवर आपला फूट ठेवला, टेप ताणून पाव इंच लांब झाली आहे हे सिद्ध केलं, आणि मग सगळ्या पांढुर्ण्याचे सदरे ढगळ का होतात याचा उलगडा झाल्यासारखे घरी आले. आमच्या शाळेतली एक तसबीर डावीकडे कलली आहे म्हणून ते तीनदा हेडमास्तरांना भेटले. चौथ्यांदा स्वतःच स्टूल घेऊन वर्गात शिरले. मी भूगोल शिकवत होतो. पोरं हसली, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्यावर मात्र मला ती तसबीर सरळ दिसली आणि काल ती खरंच तिरपी होती हे कळलं.

त्यांचा जीव एका इमारतीत अडकला होता. नागपूर तेव्हा आमच्या प्रांताची राजधानी. तिथे सरकारचा जो महाल होता, जिथे इंग्रजांच्या अमलात लाटसाहेब बसायचा आणि पुढे आपली माणसं बसू लागली, त्या महालाच्या वाढीव बांधकामाचे नकाशे तरुणपणी त्यांनी काढले होते. साध्या लोकांच्या तोंडी ती लाटसाहेबाची कोठी होती. नकाशेबाबूंना 'कोठी' खपायचं नाही. "कोठी ज्वारीची असते," असं ते म्हणायचे.

संध्याकाळी पाचला ते ओट्यावर बसत आणि जो सापडेल त्याला महाल सांगत. सांगत, म्हणजे आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलीचं कुळ सांगतात ना, तसं. आधी तिथे नुसता माळ होता. माळावर कोण्या गोऱ्या अंमलदाराने कौलारू बंगला बांधला. कारभार वाढला, बंगला पुरेना. पण पाडायलाही मन होईना. मग त्याच बंगल्याच्या चार भिंती पोटात ठेवून भोवती महाल उभा केला.

"दिवाणखान्याची उत्तरेची भिंत ठोकून पाहा," ते म्हणायचे, "आवाज बद्द येते. ते जुन्या बंगल्याची भिंत. वरून महाल अन् आतून बंगला, असं आहे ते काम."

दगड काळा, जवळच्याच खाणीतला, आणि सांधे असे की दोरा शिरू नये. चुना बैलाच्या घाणीत महिनामहिना मळलेला, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. तुळया आमच्याच सातपुड्यातल्या सागाच्या, बैलगाड्यांनी नेलेल्या. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, जणू प्रत्येक गाडीसोबत ते स्वतः चालत गेले होते. पश्चिमेचा व्हरांडा चौदा फूट खोल. "दुपारच्या उन्हाले आत यायची परवानगीच नाही." छताजवळ झरोके, गरम हवा वरून निघून जावी म्हणून. भिंतींना पंख्याच्या दोरीची भोकं, म्हणजे दोरी ओढणारा बाहेर घामाघूम आणि वारा आत साहेबाला. पुढे वीज आली, भोकं बुजवली. बुजवलेलं प्रत्येक भोक कुठे आहे ते नकाशेबाबूंना पाठ होतं.

आतून काकूंचा आवाज यायचा, "चौदा फुटांचा व्हरांडा सांगून राहिले जगाले. आपल्या न्हाणीवर चार टिनं कधी पडतील ते सांगा."

काकूंना नवऱ्याचं सगळं माहीत होतं आणि त्यातलं निम्मं पटत नव्हतं. पण हा माणूस वाईट नाही, नुसता हट्टी आहे, असं त्या मला ताक देताना सांगायच्या. लवकरच मला कळलं की ओट्यावरचं हे महालपुराण कुठेही सुरू झालं तरी पुढच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबतं. खांब सांगतील, कमानी सांगतील, गाडी उभी राहायचं पोर्च सांगतील, आणि पोर्चमधून वर जायच्या तेरा पायऱ्या आल्या की फूट घडी करून खिशात. "बस. उद्या." तो उद्या कधी यायचा नाही.

तो उद्या मला जामसांवलीला भेटला. काकूंचा मारुतीला नवस होता, म्हणून आम्ही तिघं मोटारीने गेलो. दर्शन झालं. धर्मशाळेच्या जिन्यावर नकाशेबाबू पुढे, मी मागे, माझ्यामागे भजनी मंडळींची रांग. ते मोठ्याने मोजत चढत होते. आठ म्हटलं आणि थांबले. नवव्या पायरीवर आधी चवडा ठेवला, चाचपला, मग टाच टेकली. मागून एक बाई ओरडली, "अवो बाप्पा, चढा नं! पायरीची पूजा करून राहिले का?"

खाली उतरल्यावर झाडाखाली बसून मी विचारलंच. काकू प्रसादाचा नारळ फोडत होत्या. त्या वर न पाहता म्हणाल्या, "सांगून टाका मास्तरले. घरचाच आहे तो."

मग त्यांनी सांगितलं. आवाज हिशेब समजावल्यासारखाच होता.

"महालाचं जोतं सहा फूट. म्हणजे बहात्तर इंच. पायऱ्या तेरा. एक पायरी साडेपाच इंचाची धरली तर साडेएकाहत्तर होते. उरला अर्धा इंच. तो तेराही पायऱ्यांत वाटून द्यावा लागते, नाही तर सगळ्यांत खालच्या पायरीले द्यावा लागते, तिथं जमीन सांभाळून घेते. मी तो नवव्या पायरीपाशी मांडून ठेवला. म्हटलं, जेवून येतो अन् वाटतो. जेवून आलो तर साहेबानं दुसरंच काम पुढं टाकलं."

"आणि विसरलात."

"विसरलो."

"पण अर्धाच इंच तो."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मला सव्वीस इंचांची ट्रंक आठवली. "मास्तर, पाय दोन पायऱ्यांत उंची शिकते. तिसरीपासून डोळे पाहत नाहीत, पायच चढते. अन् महालाच्या पायऱ्या मुद्दाम बुटक्या ठेवल्या होत्या, चढताना मोठ्या माणसाची मान खाली होऊ नये म्हणून. आठ पायऱ्या पायानं साडेपाच घोकले अन् नवव्यांदा सहा आले, तर माणूस पडते."

आणि माणूस पडला होता. लाटसाहेब यायच्या चार दिवस आधी बांधकामाचा मोठा साहेब पाहणीला आला आणि सगळ्यांदेखत नवव्या पायरीवर गुडघ्यावर आला. त्याने तिथेच पायरी मोजली. मिस्त्रीला बोलावलं. हा मिस्त्री आमच्या सौंसरकडचा, दगडातला नामी कारागीर, पण त्याला वाचता येत नव्हतं. नकाशावरचे आकडे त्याला नकाशेबाबूच वाचून दाखवायचे, आणि त्याने नववी पायरी वाचून दाखवल्याप्रमाणे चोख सहा इंचांची बसवली होती. साहेब म्हणाला, नकाशा आणा. नकाशा आणायला नकाशेबाबूच गेले.

"दहा मिनिटं होती माझ्याजवळ," ते म्हणाले. "नवी नोकरी, नवं लग्न. कापडावरचा नकाशा होता. ब्लेडनं शाई खरवडली. सहाचे साडेपाच केले."

साहेबाने नकाशा पाहिला आणि मिस्त्रीला त्याच जागी कामावरून काढलं. पायरी बदलायची तर वरच्या चार उखडाव्या लागल्या असत्या, तेवढा वेळ नव्हता. म्हणून वरून गालिचा घातला आणि पायरी तशीच राहिली.

"मिस्त्री काही बोलला नाही?"

"जाताना मलेच म्हणाला." नकाशेबाबूंनी कोटाचं वरचं बटण सोडलं, पुन्हा लावलं. "म्हणाला, बाबू, कागद खोटं थोडी बोलन. माह्याच हात चुकला असन."

काकूंनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मला त्या क्षणी नकाशेबाबूंचा राग आला होता, हे लपवून काय उपयोग. भल्या माणसाने केलेली वाईट गोष्ट पचायला जास्त जड जाते.

पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी सरकारला अर्ज करायला सुरुवात केली. दर वर्षी एक. मजकूर तोच: पुढच्या जिन्याच्या नवव्या पायरीची चूक नकाशा काढणाराची होती, मिस्त्रीची नव्हती, नोंद दुरुस्त व्हावी आणि तसं मिस्त्रीला लेखी कळवावं. एकदा उत्तर आलं की पायरीची तपासणी झाली असून पायरी मजबूत आहे. ते उत्तर त्यांनी मला वाचून दाखवलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. पण ते हसू फार टिकलं नाही.

"मिस्त्रीकडेच जा ना," मी एकदा म्हणालो. "सौंसर काय लांब आहे?"

"ज्या कागदावर खोटं झालं त्याच कागदावर खरं झालं पाहिजे."

"कागदाची भीती नाही वाटत, म्हणून कागदापाशी जातात," काकू आतून म्हणाल्या. "माणसाची वाटते."

सत्तेचाळीस सालची गोष्ट काकूंनीच सांगितली. नकाशेबाबू तेव्हा अजून नोकरीत होते. पंधरा ऑगस्टला महालाचं पुढचं फाटक लोकांसाठी उघडलं. इतकी वर्षं बाबूलोकांनीही मागच्या जिन्यानेच जायचं, पुढच्या पायऱ्या बड्यांच्या. त्या दिवशी अनवाणी, पागोट्यातली, कडेवर लेकरं घेतलेली माणसं त्या पायऱ्यांनी वर चढली. काकूही गेल्या होत्या. पाहतात तर नवरा आठव्या पायरीवर कडेला उभा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात धरून सांगतोय, "जपून. ही पायरी उंच आहे. जपून." सकाळपासून दिवे लागेपर्यंत. लोकांना वाटलं, सरकारने स्वागताला माणूस ठेवलाय. एका म्हातारीने त्यांच्या कपाळाला गुलाल लावला. घरी येऊन त्यांनी तोंड धुतलं नाही, जेवलेही नाहीत. "आज कोणाले पडू दिलं नाही," एवढंच बोलले.

मग आलं छप्पन साल. राज्यांची नवी मांडणी होणार, हे वर्षभर पेपरात येत होतं आणि आमच्या पानठेल्यांवर रोज त्याच्या दहापट येत होतं. नागपूर मुंबई राज्यात जाणार हे ठरलं. आम्ही छिंदवाडा जिल्ह्याचे. आमची राजधानी भोपाळ. घरात मराठी, शेतात कपाशी आणि संत्री, सोयरे सगळे नागपूरकडच्या काटोल-नरखेडचे, आणि आता अर्ज हिंदीत लिहायचा. कोणाला बदलीची चिंता, कोणाला मुलांच्या शाळेची. नकाशेबाबूंना एकच चिंता होती. महाल ज्या सरकारचा होता ते सरकारच आता राहणार नव्हतं. मग त्यांची कबुली घेणार कोण?

ऑक्टोबर संपत आला तेव्हा ते मला म्हणाले, "मास्तर, रजा टाका एक दिवस. आपलं सरकार आहे तोवर जाऊन येऊ."

नागपुरात कचेरीच्या व्हरांड्यात गठ्ठ्यांचे ढीग लागले होते. कारकून सुतळी दातात धरून गाठी मारत होता. माणूस चांगला होता. एवढ्या गडबडीत त्याने अर्ज पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "आपण राहता कुठं?"

"पांढुर्णा. जिल्हा छिंदवाडा."

"म्हणजे आपण भोपाळकडे." त्याने एका ढिगाकडे बोट दाखवलं. "अन् पायरी?"

"पायरी इथंच."

"पायरी मुंबईकडे." दुसरा ढीग. "आता तुम्हीच सांगा काका, हा कागद कोणत्या गठ्ठ्यात बांधू? भोपाळवाले म्हणतील, पायरी आमची नाही. मुंबईवाले म्हणतील, माणूस आमचा नाही."

नकाशेबाबूंनी अर्ज परत घेतला, घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. तिथून आम्ही महालाकडे गेलो. फाटकाशी कपाटं लादलेल्या गाड्या उभ्या होत्या, कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं. मी तो महाल पहिल्यांदाच पाहत होतो आणि तरी मला सगळं ओळखीचं वाटलं. पश्चिमेचा व्हरांडा खरंच थंडगार होता. दिवाणखान्याचं दार उघडं होतं. मी उत्तरेची भिंत ठोकली, आवाज बद्द आला. आत भिंतींवरून काढून नेलेल्या तसबिरींच्या जागी फिके चौकोन राहिले होते. आमच्या सागाच्या तुळया वर तशाच होत्या. मला गलबलून आलं. आपण कधी न राहिलेल्या घरातून आपलं बिऱ्हाड निघत होतं.

गालिचे गुंडाळून नेले होते, पायऱ्या उघड्या होत्या. मी मुद्दाम खालून चढत आलो. सगळं माहीत असूनही नवव्या पायरीवर माझा अंगठा ठेचला आणि मी पुढे हात टेकले. नकाशेबाबू धावत आले.

"लागलं?"

"नाही."

"लागलं असन," ते म्हणाले आणि त्या काळ्या दगडावर बसून राहिले. मग स्वतःच म्हणाले, "मिस्त्रीकडेच जावं लागन आता."

पुढच्याच रविवारी आम्ही सौंसरची मोटार धरली. लोधीखेड्याच्या रस्त्याला एका फाट्यावर उतरून संत्र्याच्या बागांमधून पायी गेलो. आंबिया बहाराची फळं पिवळी पडायला लागली होती. नकाशेबाबू एरवी झाडांच्या ओळींतलं अंतर मोजल्याशिवाय राहिले नसते. त्या दिवशी त्यांनी वर पाहिलंही नाही. खिशातला अर्ज तेवढा दोनदा चाचपला.

मिस्त्री अंगणात बाजेवर बसलेले. डोळ्यांनी अधू झाले होते. नकाशेबाबूंनी नुसतं "मिस्त्री" म्हटलं आणि म्हातारा बाजेवरून उठलाच.

"बाबू! नागपूरचे बाबू! आवाज वळखला म्या. सूनबाई, च्या ठेव वं! महालातले बाबू आले!"

खेड्यात परका कोट दिसला की माणसं जमतातच. चहा होईपर्यंत अंगणात दहा-बारा जण आले. नकाशेबाबू मला हळूच म्हणाले, "चार जण आहेत ते बरंच झालं. सगळ्यांसमोर सांगतो." त्यांचा हात खिशात गेला. पण त्याआधी मिस्त्रीच बोलायला लागले.

"घ्या, आता इचारा ह्यायले. मले खोटा म्हनत होते नं? ह्ये बाबू सोता तठी होते." मग आमच्याकडे वळून, "बाबू, ह्या पोट्ट्यायले काय सांगू. लाटसाहेबाच्या महालाची नववी पायरी म्या अर्धा इंच चढवली. मुद्दाम. बाकीच्या पायऱ्या बुटक्या काऊन, तं साहेबाची मान खाली होऊ नोये म्हनून. म्या म्हटलं, एक जागा अशी ठेवतो का तठी त्यानं मान झुकवलीच पायजे. नौकरी गेली. गेली तं गेली!"

माझा चहा हातातच राहिला.

सूनबाई दारातून म्हणाली, "पंधरा ऑगस्टले झेंड्यापाशी बाबाची खुर्ची राहते. दर साली. येत्या साली नाही देत म्हणून राहिले."

"देऊ कशी?" गर्दीतला एक तरुण म्हणाला. तो काही दुष्ट नव्हता, नुसता शिकलेला होता. "काम चुकलं असन, तं हाकललं असन. मंग बुढ्यानं त्याची गोष्ट केली. आमी काय पाह्याले गेलो?"

मिस्त्रींचा चेहरा मला आजही दिसतो. त्यांनी आवाजाच्या दिशेने नकाशेबाबूंकडे तोंड केलं. "तुमीच सांगा बाबू. चुकली का मुद्दाम केली?"

नकाशेबाबूंचा हात खिशातच होता. मला वाटलं, आता कागद निघणार. या माणसाने ट्रंकेचे चार इंच मला सोडले नव्हते. हात बाहेर आला तो रिकामा.

"मुद्दाम केली," ते म्हणाले.

मग त्या तरुणाकडे वळून, अगदी ओट्यावर महाल सांगायच्या आवाजात, "मी सोता मोजली होती. बरोबर अर्धा इंच. हात चुकला तर सुता-दोन सुताचा फरक येते, तोही एका टोकाले कमी, एका टोकाले जास्त. ही पायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी सहा इंच. येवढं सारखं काम चुकून होत नसते. ते करायले कारागीर लागते."

"अन् साहेब?" कोणीतरी विचारलं.

"गुडघ्यावर आला. सगळ्यांसमोर."

म्हातारा लहान मुलासारखा हसला आणि मग रडला. सूनबाईने डोळ्यांना पदर लावला. त्या तरुणाने चपला काढल्या, पुढे होऊन मिस्त्रींच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "आबाजी, चुकलो." आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नकाशेबाबू दोन भाकरी जेवले आणि प्रत्येक घासाला पाणी प्यायले.

फाट्यावर मोटारीची वाट पाहताना मी म्हणालो, "एकट्याला बाजूला घेऊन खरं सांगता आलं असतं. हात चुकला नव्हता, एवढं तरी कळलं असतं त्यांना."

"कळलं असतं. पण हात चुकला हे दुःख त्याच्यापाशी आता नाहीच मास्तर. त्यानं ते केव्हाच मिटवलं. मीच सांभाळून राहिलो होतो." मग रस्त्याकडे पाहत, "माफी मागितली असती तर मी सुटलो असतो. तो पुन्हा चुकलेला मिस्त्री झाला असता. आता कोणालेच सांगता यायचं नाही."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. तसं करायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मी त्यांची पिशवी हातात घेतली.

अर्ज पुन्हा कधी गेला नाही. ओट्यावर महाल सांगणं चालू राहिलं, पण आता पायऱ्यांपाशी ते थांबत नसत. तेरा पायऱ्या सांगायचे, आणि नववीला म्हणायचे, "ही आपल्या सौंसरच्या मिस्त्रीची." माझी बदली झाली. सुटीत येत-जात राहिलो. पुढे काही वर्षांनी एका हिवाळ्यात नकाशेबाबू गेले.

तेरवीला मी पोचलो तेव्हा अंगणात पानं मांडत होते. फाटकाशी एक टांगा थांबला. सुनेचा हात धरून मिस्त्री उतरले. पार वाकले होते. डोळे पुरते गेले होते. एवढ्या लांबून कशाला आलात, असं कोणीतरी विचारलं, तर सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "कशाले म्हंजे? साऱ्या जिंदगीत सरकारी मानूस एकच खरं बोलनारा भेटला मले. त्याच्या तेरवीले येऊ नाही का?"

मी काकूंकडे पाहिलं. सगळं माहीत असलेली आम्ही दोघंच तिथे होतो. काकूंनी पदर सावरला, पुढे होऊन म्हाताऱ्याचा हात सुनेच्या हातातून आपल्या हातात घेतला.

"या मिस्त्री," त्या म्हणाल्या, "पहिलं पान तुमचं."